ताशी सहाशे सत्याहत्तर मीटर

तेजश्रीनं आखलेल्या सहलीचा पहिला आराखडा एका शेळीनं खाल्ला. वाचून खाल्ला असं काही म्हणता येणार नाही. पण चारही पानं संपवली, एवढं खरं.

नांदूरघाटहून सहा किलोमीटर आत असलेल्या त्या गावात ती एसटीतून उतरली, पिशवी पारावर ठेवली, आणि पाण्याची बाटली उघडेपर्यंत कारभार आटोपलाही होता.

"अहो! कुणाची आहे ही?"

"आमचीच," म्हणत पारामागून एक जण उठला. "कागद महत्त्वाचा होता काय?"

"ट्रेकचं नियोजन होतं. बैलवाटेनं वर पडक्या देवळापर्यंत."

"मग तिला कागद कशाला पायजे? ती रोज जाती." त्यानं शेळीच्या तोंडातून उरलेला कोपरा ओढला, झाडला आणि अदबीनं तिच्या हातात दिला. त्यावर 'सुरक्षितता' एवढाच शब्द शिल्लक होता.

तेजश्रीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. बीडमध्ये पोलीस भरतीच्या पोरांना अंकगणित शिकवणाऱ्या बाईला असं कुठंही हसून चालत नाही.

त्याचं नाव सुग्रीव. शिक्षण एम.ए., इतिहास. सध्या बारा शेळ्या. मधली सहा वर्षं स्पर्धा परीक्षांनी खाल्ली, त्यामुळे खाल्लेल्या कागदांचं दुःख त्याला कळत होतं.

"वाटाड्या म्हणून याल का? चाळीस जण आहेत."

"येतो की. पण आधी तुमाला वाट दाखवावी लागंल. आराखडा तर पोटात गेला."

क्लासचे मालक विजयसिंह सर वेळेचे पक्के. "मॅडम, मिनिटामिनिटाचं वेळापत्रक पाहिजे," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून तेजश्रीनं मोबाइलमधलं घड्याळ लावलं आणि दोघं निघाले.

ही वाट जुनी. कोणे एके काळी धान्याच्या गोण्या लादलेले बैल या वाटेनं बालाघाट चढायचे. वर महादेवाच्या देवळाचे चार खांब अजून उभे, बाकी सगळं गवतात आडवं.

"हा बघा, खुरांनी झिजलेला दगड," सुग्रीव म्हणाला.

"आणि हा?"

"हा नुसता दगड हाय. पण बसायला चांगला हाय."

ती बसली. वहीत लिहिलं – विश्रांती, वीस मिनिटं.

पहिल्या फेरीला तीन तास लागले. पाण्याच्या जागा बघायच्या राहिल्या म्हणून दुसरी फेरी झाली. तेव्हा परतीचा पाऊस गाठ पडला. कपारीत जागा एकाच माणसाची, तीही गळकी… सुग्रीव बाहेर उभा राहिला आणि टॉवेल तिच्या डोक्यावर धरून यादवांचा इतिहास सांगू लागला. पन्नास मिनिटं.

"हात दुखत नाही का?"

"दुखतोय ना."

"मग सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर खाली घ्या म्हणला असता."

तिनं पावसाकडं बघितलं. पाऊस थांबू नये असं वाटणं नियोजनाच्या दृष्टीनं चुकीचं होतं, तरी वाटलं.

तिसऱ्या फेरीला सीताफळं पिकली होती. चौथ्या फेरीसाठी कारण सापडेना, म्हणून वहीत 'कारण'च्या रकान्यात तिनं 'इतर' असं लिहिलं.

चौथ्या फेरीचा चढायचा वेळ, पाच तास दहा मिनिटं, वेळापत्रकात गेला. अंतर साडेतीन किलोमीटर. भागाकार मात्र तिनं केला नाही… आयुष्यात पहिल्यांदाच.

त्याच फेरीत, खांबापाशी बसून ती म्हणाली, "लातूरचं स्थळ आलंय. इंजिनिअर. रविवारी ट्रेक झाला की सोमवारी पप्पा त्यांना फोन करून हो कळवणार. मी नाही म्हणाले नाही, तर."

सुग्रीवनं नजर समोरच्या दगडाकडं वळवली.

"लातूर…" तो म्हणाला, "तिथं पाण्याची अडचण हाय."

"एवढंच?"

"उन्हाळ्यात लई हाय."

ती तरातरा घाट उतरली. परतीचा वेळ फक्त पस्तीस मिनिटं भरला; तो तिनं लिहिला नाही.

रविवारी सकाळी साडेसहाला चाळीस जण पायथ्याशी उभे राहिले. ही पोरं रोज पहाटे सोळाशे मीटर पळणारी. त्यांनी चढाव बघितला आणि पळण्याशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. सव्वासातला सगळे वर! वाटाड्या आणि मॅडम धापा टाकत शेवटी पोचले. जेवण बाराला होतं. खाली स्वयंपाक करणारी सुग्रीवची आई, छबुबाई, हिनं अजून पीठसुद्धा चाळलं नव्हतं.

विजयसिंह सरांनी घड्याळ बघितलं, मग वेळापत्रक बघितलं, मग देऊळ बघितलं. देऊळ बघायला चार मिनिटं लागली.

"सायली, अंतर साडेतीन किलोमीटर, वेळ पाच तास दहा मिनिटं. वेग काढ."

सायली बॅचमध्ये पहिली. "ताशी सहाशे सत्याहत्तर मीटर, सर."

"मॅडम," मागून सत्यम म्हणाला, "आमच्याकडं मयत पण याच्यापेक्षा लवकर पोचतंय."

चाळीस जण हसले. सर हसले नाहीत. "या वेळा कुणी काढल्या? चूक कुणाची आहे?"

"सर, ती–" तेजश्रीचे कान तापले.

"चूक न्हाई, सर," सुग्रीव पुढं झाला. "एकटा असलो की पाऊण तासात येतो. मॅडम संगं असल्या की पाच तास लागतेत. मी कमी करून बघितलं… जमंना."

लांब कुणाची तरी शेळी ओरडली. मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि सरांनी ती कुणी मारली हे न विचारण्याचं औदार्य दाखवलं.

"सर, भूक लागली," सायली घाईनं म्हणाली. "आपण खाली चुलीपाशीच जाऊन बसू. सगळेच."

"आणि हे दोघं?"

"त्यांना यायला दुपार होईल, सर."

धुरळा उडाला आणि दहा मिनिटांत माथा मोकळा झाला.

"चाळीस जणांसमोर बोललात," तेजश्री म्हणाली. "दोघंच होतो तेव्हा लातूरच्या पाण्याचं सांगत होतात!"

"तवा जीभच उचलंना. इंजिनेराच्या पुढं मी काय मांडू? बारा शेळ्या?"

"मांडायचं कुणी सांगितलं होतं? नुसतं विचारायचं होतं."

सुग्रीवनं तिच्याकडं बघितलं. या खेपेला मधे दगड नव्हता.

"मग… विचारू?"

"आता राहिलंय काय विचारायचं!" ती म्हणाली आणि मोबाइल उंच धरून रेंज शोधत खांबांभोवती फिरू लागली. तिसऱ्या खांबापाशी फोन लागला.

"पप्पा? लातूरला उद्या नाही, आजच फोन करा. नको म्हणून सांगा."

पप्पांचा आवाज दोन खांब पलीकडंही ऐकू येत होता. "कावून? पोरात काय खोट हाय?"

"त्याच्यात काहीच नाही. कारण इथं आहे… माझ्यासमोर. त्यांच्याशीच बोला."

तिनं मोबाइल पुढं केला. सुग्रीवनं दोन्ही हात पँटला पुसले, मोबाइल कानाला लावला आणि एक मोठा श्वास घेतला.

"नमस्कार काका, मी सुग्रीव. जरा येळ लागंल सांगायला… तुमी बसून घ्या."