प्रश्नात उत्तर नको

हृदयाचे मोठे डॉक्टर दोन शब्द लिहून मोकळे व्हायचे: ‘हार्ट फेल्युअर’. पुढचं ताईने निस्तरायचं.

ताई म्हणजे इस्पितळाच्या तळघरात बसून रुग्णांच्या नोंदी वाचणारी आणि प्रत्येक आजाराला त्याचा कोड लावणारी बाई. सफाईवाल्यांपासून साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. कोड लावायचा तर हृदय थकलंय एवढ्याने भागत नाही. त्रास एकाएकी उसळलाय की जुनाट आहे? हृदय आवळायला कमी पडतंय की सैल होऊन रक्त भरून घ्यायला? हे डॉक्टरांनीच लिहायला हवं, ताईने मनाने लावलं तर ती शुद्ध थाप. म्हणून ती संगणकावरून त्यांना प्रश्न पाठवायची. मग डॉक्टरांचा राउंड व्हायचा, चहा व्हायचा, बायकोचा फोन व्हायचा, आणि उत्तर तेवढं राहून जायचं.

प्रश्न विचारायचाही नियम होता. डॉक्टरांच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. ‘हा त्रास तीव्रच आहे ना?’ असं विचारलं की प्रश्न परत. सगळे पर्याय मांडायचे, शेवटी ‘सांगता येत नाही’ हाही ठेवायचा, आणि गप्प बसायचं. ‘प्रश्नात उत्तर नको गं’ हे ती नव्या मुलींना इतक्यांदा ऐकवे, की त्या तिच्या पाठीमागे तिची नक्कल करत. ताईला ते ठाऊक होतं. रागवायचंसुद्धा त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

प्रश्नांच्या रांगा दोन. रुग्ण अजून खाटेवर असेल तर ‘चालू’. गेला असेल तर ‘बंद’, मग तो घरी गेलेला असो नाहीतर कायमचा. कुठला प्रश्न कुठल्या रांगेत ते संगणक ठरवायचा, त्यात कुणाला ढवळाढवळ करता येत नसे.

थकवा तर तिच्या पाचवीलाच पुजलेला. दुपार कलली की चपला रुतायला लागायच्या, म्हणून ती त्या टेबलाखाली काढून ठेवून अनवाणी बसे. या वयात एवढं चालायचंच, असं तिने स्वतःला कधीच पटवून दिलं होतं.

कोपऱ्यातल्या खाटेवरच्या म्हाताऱ्या शिंप्याबद्दल तिने प्रश्न पाठवला, तेव्हा हातातला चहा संपायच्या आत उत्तर आलं. तिला आधी हसूच आलं. मग तिने ते वाचलं.

‘जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं. कुणी पाहिलं तर किल्ली शोधत असल्याचं दाखवतात.’

शिंपी वर्षभर अंथरुणाला खिळलेला होता. डॉक्टरांची फाइल चुकली असेल, असं म्हणून तिने प्रश्न पुन्हा पाठवला आणि दुसऱ्या एका रुग्णाचं काम हातात घेतलं. त्याच्याही प्रश्नाला लगेच उत्तर: ‘संध्याकाळी पावलांवर पट्ट्यांचे वळ उठतात.’ त्या माणसाचे दोन्ही पाय गुडघ्यापासून कापलेले होते.

तिसरं उत्तर एका तरण्याताठ्या बाईच्या फाइलवर आलं. ‘डोक्याखालच्या उशा वाढल्या आहेत. रात्री पलंगावर एक जण उठून बसलेला असतो.’

ते वाचून ताईने फाइल बाजूला सारली. हल्ली तिचा नवरा रात्री उठून बसायचा. अर्धवट झोपेत तिने त्याची पाठ कितीदा पाहिली होती. ही उत्तरं वेगवेगळ्या रुग्णांची नव्हतीच, एकाच माणसाची होती, आणि तो माणूस आपल्या घरात आहे हे तिला कळून चुकलं. कसं, ते तिने स्वतःला विचारलं नाही. हा गेला तर आपलं कसं होणार, एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

नवरा ऐकेना. “मला काय धाड भरलीये?” तो म्हणाला. तिने मनधरणी केली, अबोला धरला, शेवटी रडली, तेव्हा कुठे तो इस्पितळात आला.

डॉक्टरांनी त्याला तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, हृदयाची सोनोग्राफीही केली. “ठणठणीत आहेत,” ते म्हणाले. “उगाच घाबरलात, ताई.”

“पण तुम्हीच तर लिहिलंत ना, उत्तरांमध्ये?”

“कसली उत्तरं?” डॉक्टर ओशाळले. “माझा पासवर्ड कधीचा बंद पडलाय. तुमचे सगळे प्रश्न तसेच पडून आहेत. मला तर तुमच्यासमोर यायची लाज वाटत होती.”

ताईने नवऱ्याकडे पाहिलं.

“मग तुम्ही रात्री उठून का बसता?”

तो शर्टाची बटणं लावत होता. “तुझ्यासाठी,” तो म्हणाला. “झोपेत तुझा श्वास थांबतो मध्येच. परत सुरू झाला की मी आडवा होतो.”

“आणि मला सांगितलं नाहीत?”

“तू आधीच इतकी दमलेली असतेस.”

डॉक्टरांची नजर तिच्या पायांकडे गेली. त्यांनी तिला चपला काढायला लावल्या, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

“आजच भरती व्हा,” ते म्हणाले. “मी खाट बघायला सांगतो.”

“पर्स खाली राहिलीये. घेऊन येते,” ताई म्हणाली, आणि नवरा उठायच्या आत निघालीसुद्धा.

तळघरात जेवणाची सुट्टी होती. मुली डबे घेऊन बाहेर गेल्या होत्या. ताई संगणकासमोर बसली आणि शिंप्याच्या त्या उत्तराखाली तिने लिहिलं:

‘हा त्रास जुनाट आहे, औषधाने आटोक्यात राहील ना?’

उत्तर तत्काळ आलं.

‘प्रश्नातच उत्तर आहे. नियमाप्रमाणे पुन्हा विचारावा.’

मग तिने आजवर विचारले तसा, नीट, सगळे पर्याय मांडून प्रश्न लिहिला. तीव्र. जुनाट. दोन्ही. सांगता येत नाही.

पाठवला. आणि गप्प बसली.

उत्तर आल्याची खूण झाली. तिने ‘चालू’ची रांग उघडली.

शिंपी होता. पाय नसलेला माणूस होता. ती तरणी बाई होती. तिचा प्रश्न तिथे नव्हता.

मग तिने दुसरी रांग उघडली.

सगळ्यात वर तिचं स्वतःचं नाव होतं, आडनावासकट. तिची फाइल अजून कुणी उघडलीही नव्हती.

‘बंद.’

नावापुढे उत्तर होतं. तिने ते उघडलं नाही.

फोन वाजला. नवरा होता. “येतेस ना? खाट तयार झालीये.”

“आले,” ती म्हणाली. तिने पायांनी चाचपून टेबलाखाली चपला शोधल्या, पण त्या आधीच पायात होत्या.

जिन्याच्या मधल्या वळणावर ती थांबली. वरून एक नर्स उतरत होती, तिने ताईकडे पाहिलं.

ताईने पर्स उघडली आणि किल्ली शोधू लागली.