आईशेजारी कोण बसलंय

हिंगोलीहून ती बारीकशी हार्ड डिस्क आणली, तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट होती. आईचा आवाज जाऊ द्यायचा नाही. आई, म्हणजे मालनबाई, जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या जात्यावरच्या भीमाच्या ओव्या मी जुन्या कॉम्प्युटरवर जपून ठेवल्या होत्या आणि तो कॉम्प्युटर आता चालता चालता मान टाकायचा.

पारखल्याशिवाय मी कोणत्याही वस्तूच्या हवाली काही करत नाही. डिस्क सीलबंद होती. शर्टाच्या खिशात मावायची, वेगळा प्लग लागत नव्हता, तापतही नव्हती. वायर तेवढी आखूड. रोज दुपारी थोडं कॉपी करायचं, मग डिस्क टीव्हीला जोडून पूर्ण ऐकायचं आणि मुळाशी ताडून बघायचं, असं ठरवलं. आमची राणी पाचवीत आहे, आजी गेल्यानंतर जन्मलेली. तिने म्हटलेली कविता माझ्या फोनमध्ये होती, तीही मी आईच्याच फोल्डरमध्ये टाकली. आजी-नात एका जागी राहतील, एवढंच वाटलं.

त्या दिवसांत आमच्या हट्टा गावात हळद शिजत होती. खिडक्या लावल्या तरी तो ओला, मातकट वास घरात शिरायचा. पहिल्या दिवशीची कॉपी ऐकत बसलो होतो. आईची ओवी संपली. मूळ रेकॉर्डिंगमध्ये तिथे नुसती जात्याची घरघर आहे. डिस्कवर जातं थांबलं आणि आई दबक्या आवाजात म्हणाली, "कोण हाय तिथं?"

मी बायकोला हाक मारली. सरिता हात पुसत आली, तिने ऐकलं.

"आत्याबाईच हाईत. पण ह्या कोणाला बोलून राहिल्या?"

"कॉपी खराब झाली असंल."

"खराब कॉपी नवं बोलती व्हय? लईच हुशार तुमची मशीन!"

ती हसली, पण परत स्वयंपाकघरात गेली नाही.

दुसऱ्या दिवशी ते पुसून पुन्हा कॉपी केलं. या वेळी ओवी अर्ध्यातच तुटली. आईचा श्वास अगदी जवळ आला.

"रत्नपाल... लई अंधार हाय रे. ह्यो माणूस मला गाऊ देऊन न्हाई राहिला..."

तिच्या मागे कोणीतरी घसा खाकरला. सावकाश, स्वतःच्या घरात बसल्यासारखा.

मूळ रेकॉर्डिंग लावायला उठलो, तर कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. तो पुन्हा कधीच सुरू झाला नाही. आता आई फक्त त्या डिस्कमध्ये होती.

"फोडा ती," सरिता म्हणाली.

"आईचा आवाज हाय त्याच्यात."

"आन् लेकराचा न्हाई का?"

मी राणीची कविता लावली. दोन ओळी तिने खणखणीत म्हटल्या आणि थांबली. मग एक जड पुरुषी आवाज आला, "पुढं म्हण."

"राणे, म्हणू नको!" आई ओरडली. हे नाव तिने हयातीत कधी ऐकलं नव्हतं. "रत्नपाल, माझी फिकीर करू नको... फोड... फोड हे..."

अंगणातल्या दगडावर ठेवून मी हातोडा घातला. आतल्या चकतीचा चुरा होईपर्यंत घालत राहिलो. आई त्यात आहे हे माहीत असून.

राणी शाळेतून आली. फोनमधली तिची मूळ कविता ऐकून पाहिली. स्वच्छ होती. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तिला समोर बसवून म्हणालो, "म्हण बरं बेटा, तुझ्या तोंडून ऐकू दे."

तिने दोन ओळी म्हटल्या आणि थांबली.

"विसरलीस का गं?" सरिताने विचारलं.

राणीने सरिताकडे पाहिलंच नाही. मोठं माणूस बोलत असताना लेकरू जसं अदबीनं थांबतं, तशी ती डावीकडे मान कलती करून थांबली होती. तिथे कोणीच नव्हतं.

"व्हय," ती हळूच म्हणाली, आणि पुढची ओळ म्हणू लागली.