हातभर लांब

सौरभ, तुला रेडिओसाठी वेगळी खोली करायचीय ना? कर बाबा. पण भिंतीला फोम लावायच्या आधी राजेश परबचं काय झालं ते ऐक. मानसी, तूही बस. उगाच घाबरवत नाही, यातलं निम्मं मी या कानांनी ऐकलंय.

राजेश मुलुंडला राहायचा, सातव्या मजल्यावर. माझ्यासारखाच हॅम, म्हणजे लायसन्स काढून रात्ररात्र हवेवर गप्पा मारणारी जात. लहान बेडरूमच्या मधोमध प्लायवूड ठोकून त्याने स्वतःच दोन खोल्या केल्या. इकडे सेट, तिकडे आई. रुक्मिणीबाई अंथरुणाला खिळलेल्या. रात्री तहान लागली, तांब्यातलं पाणी संपलं, की काठीने प्लायवर तीनदा ठोकायच्या आणि मालवणीत म्हणायच्या, "झिला, वायच पाणी दी रे."

ते ठोकणं माइकमध्ये यायचं. आम्ही सगळे हसायचो. "राजेश, दार उघड यार, पाहुणे आलेत!" त्याला लाज वाटायची. शेवटी मीच म्हटलं, फोम लाव. कुर्ल्याला त्याच्याबरोबर जाऊन फोम निवडलाही मीच.

सव्वीस नोव्हेंबर २०२३, रविवार. त्याने सगळं काम स्वतःच्या हाताने केलं. प्लायवर दुहेरी फोम, दाराला रबराची पट्टी. ड्रिल फिरवायला जागा हवी म्हणून आईच्या उशाचं तांब्याचं स्टूल सरकवलं, ते परत जागेवर ठेवायला विसरला. संध्याकाळी फोन करून म्हणाला, "झकास झालंय. आता कुणी कितीही ठोकू दे."

त्या रात्री त्याची बायको, क्षमावहिनी, माहेरी कांदिवलीला होत्या. राजेश पहाटेपर्यंत आमच्याशी बोलत बसला. सकाळी आत जाऊन बघतो तर म्हातारी गेलेली. काठी मुठीत, ओठ फुटलेले. स्टुलावर तांब्या, वर वाटी झाकलेली, पाणी काठोकाठ. हातभर लांब. मरताना तोंडात थेंब नाही, आणि फोमपलीकडे पोटचा मुलगा जागा!

रडला तो. खोटं कशाला बोलू? तेराव्याला तो पोचा पडलेला तांब्या भटजींना दान दिला, मीच त्यांच्या पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी राजेशने आईची खाट काढली. म्हणाला, सामानाला जागा झाली.

चौदा डिसेंबर, गुरुवार. रात्रीचे अकरा चाळीस. मी इथे बोरिवलीत सेटवर, तो तिकडे. मजेत बोलत होता. मध्येच...

ठक. ठक. ठक.

मी म्हटलं, "राजेश, दार वाजतंय."

"शक्यच नाही दादा. बाहेरचा आवाज आत येतच नाही."

"अरे, मला ऐकू येतोय."

हळूच म्हणाला, "दादा... फोमच्या आतून येतोय."

खुर्ची पडली. "दार उघडत नाहीये... रबर चिकटलं की काय... दादा, क्षमाला फोन कर. हॉलमध्ये झोपलीय. माझा मोबाइल बाहेर राहिलाय..."

मग आवाज सुकला त्याचा. घसा खरवडल्यासारखा.

"माका... तान लागली..."

राजेश जन्मात कधी मालवणी बोलला नव्हता.

पुढे शब्द नाही. नुसतं ठक. ठक. ठक. पोरांनो, माइकचं बटण दाबून धरल्याशिवाय आवाज हवेवर येत नाही. राजेश तर दाराशी होता. मग बटण...

"काका, तुम्ही फोन केलात ना?"

नाही गं मानसी. फोन हातात होता. घाबरलो. फोम लाव म्हणणारा मीच ना? वाटलं, मी काही बोललो तर ते इकडे वळेल. सेट बंद केला आणि डोक्यावरून चादर घेतली.

सकाळी वहिनींचा फोन आल्यावर धावलो. दार तोडलं. वहिनी रात्रभर दहा फुटांवर झोपलेल्या, त्यांना काही म्हणता काही ऐकू गेलं नव्हतं. काम इतकं चोख! राजेश जमिनीवर पडलेला. मुठी सोललेल्या, ओठ फुटलेले, एक हात पुढे लांबवलेला. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

त्या हातासमोर तांब्या होता. तोच, पोचा पडलेला, मी पिशवीत घातलेला. वर वाटी. वाटी उचलून पाहिली, पाणी काठोकाठ.

त्याच्या बोटांपासून मी अंतर मोजलं. हातभर भरलं.