थंड पडलेला उकिरडा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या. माझ्या गोजाकाकूनं ती देवाची शपथ घेऊन सांगितली, आणि शेवट तर मी स्वतः पाहिलाय.

साल छप्पन. पौषातली अमावस्या. चिखलीतला आमचा मळा.

काका यशवंतराव म्हणजे एक नंबरचे कवडीचुंबक.

गावाची रीत होती. शेण, पालापाचोळा उकिरड्यात. राख भांड्यांना. फुटकी काच, खापरं बांधाखाली पुरायची. आणि मेलेल्याचं अंथरूण ओढ्यापलीकडे मसणवट्यात ठेवून यायचं.

काकांची विधवा आत्या रंभा गोठ्यात झोपायची. घरात जागा होती, काकांच्या मनात नव्हती. मार्गशीर्षातल्या थंडीत ती तिथंच गेली.

तिची वाकळ काकांनी उकिरड्यात गाडली.

"चिंध्या कुजत्यात, खत व्हतंय," म्हणाले. वर हसले. थू!

...आणि उकिरडा थंड पडला.

पहाटे गावभरचे उकिरडे वाफाळायचे. आमचा नाही.

शेण जसंच्या तसं. एक माशी नाही. कोंबड्याही उकरायला जाईनात.

"अवो, वाकळ मसणवट्यात नेऊन ठिवा," काकू रडली. "खत न्हाई झालं तर रान पिकायचं न्हाई. खायाचं काय?"

"बायकांची अक्कल चुलीपाशी!"

पण अमावस्येच्या सांजेला काका फावडं घेऊन निघालेच. पश्चात्ताप कसला, खताचा लोभ! काकू कंदील घेऊन मागं.

वाकळीचं टोक दिसलं. काकांनी कोपरापर्यंत हात घालून ते ओढलं.

आतून कुणीतरी परत ओढून घेतलं...

जोरात नाही. झोपेत आपण पांघरूण ओढतो, तसं.

मग शेणाखालून आवाज आला...

"लई गार पडलंय रं, यशवंता..."

आत कुणीतरी काकांचा हात धरला. तो कसाबसा सोडवून काका पळाले. बायकोला तिथंच टाकून! वा रे मर्द गडी!

काकूनं अंगावरची घोंगडी उतरवली, उकिरड्यावर पांघरली.

"झोपा, आत्याबाई."

पहाटे वाफ निघाली.

खत झालं, रान पिकलं. काका मिशीला पीळ देत गावात मिरवले.

पण तो हात कोपराखाली कायमचा गार पडला. लहानपणी भर वैशाखात त्यांनी मला उचललं, तर मी किंचाळलो होतो. शेकोटीत कातडी भाजायची, तरी त्यांना कळायचं नाही. मला कधी कीव आली नाही.

काका गेले तेव्हा मी तिरडीजवळ होतो. सगळा देह गारठलेला.

तो हात मात्र उबदार होता...

कुणीतरी इतकी वर्षं धरून आत्ताच सोडल्यासारखा.