दोन बोटं देठ

"एवढ्या मोठ्या ताटलीत एकच गाजर?" आई इतक्या मोठ्यांदा म्हणाली, की शेजारच्या टेबलावरची माणसं खायची थांबली... आणि थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं!

"आई, हळू! फ्रेंच रेस्टॉरंट आहे हे. इथे भाजीचा असाच मान राखतात."

"राखा की मान, पण पोट कधी भरणार?"

थोरलीला हसू आलं, तरी नजर स्वयंपाकघराच्या झुलत्या दारावरून हलेना. त्या दाराआड तिचा धाकटा भाऊ होता... सहा वर्षं तिच्याशी चकार शब्द न बोललेला! दोघांनी मिळून असंच रेस्टॉरंट काढायचं, हे त्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न; पण दोघं परदेशी शिकायला निघायच्या ऐन वेळी आईला मोठं दुखणं निघालं, आणि तो मागे अडकू नये म्हणून ते त्याच्यापासून लपवून, काळजावर दगड ठेवून ती धडधडीत खोटं बोलली होती, "मला नाही रे स्वयंपाकाची आवड. तू जा, मी आपली मळ्यातच बरी!" 'तू मला एकटं पाडलंस,' एवढंच म्हणून तो गेला, तो गेलाच. आज त्याच्या या नव्या रेस्टॉरंटचं बोलावणंही एकट्या आईला होतं. तिनंच हट्टानं लेकीला ओढून आणलं होतं.

थोरलीनं गाजराकडे नीट पाहिलं. वर दोन बोटं हिरवा देठ राखलेला! लहानपणी धाकट्याला धरून खाता यावं म्हणून ती अस्संच कापून द्यायची... काटा-सुरी बाजूला सारून तिनं देठ धरला आणि सरळ दातांनी तोडलं.

"कसं झालंय?"

पांढरा कोट, कोरडा चेहरा. धाकटा!

"छान... मला काय कळतंय त्यातलं! फक्त भाजताना झाकण ठेवलंस ना? वाफेनं गोडवा जातो रे. आणि लोणी शेवटी घालायचं, आधी..."

तिनं जीभ चावली. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"आवड नसलेलीला हे कसं गं कळलं, ताई?" त्याचा आवाज कापत होता.

"कसली आवड नाही!" आईला राहवेना. "माझ्या दुखण्यापायी राहिली ती, बाळा! मला शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून."

तो तिच्या खुर्चीपाशी मटकन खालीच बसला. "ताई, किती गं छळलं मी तुला! रागात होतो, पण आत तुझ्या ॲप्रनची खुंटी अजून रिकामी आहे... कुणाला हात लावू दिला नाही."

"वेडा कुठला!" डोळे पुसत, हसत ती उठली. "चल, आधी ते झाकण काढू."

"जा, जा दोघं!" आईनंही पदर डोळ्यांना लावला. "आणि येताना अजून दोन गाजरं आणा!"