न दुमडलेला लॅपटॉप

मिथिला नाईकवडीने परीक्षेत लॅपटॉप दुमडला नव्हता. तो दुमडला होता, असं तिचाच लॅपटॉप सांगत होता. दोघांपैकी एकाचंच खरं असणार, आणि शाळेने लॅपटॉपचं खरं मानलं.

गडहिंग्लजच्या त्या शाळेत पाचवीत गेलं की प्रत्येकाच्या हातात एक लहानसा लॅपटॉप पडत असे. आकाराने वहीपेक्षा थोडा मोठा, दप्तरात डब्याशेजारी सहज मावणारा. त्याची बिजागरी पूर्ण गोल फिरायची. पडदा उभा ठेवायचा आणि निबंध टाइप करायचा. गणिताचा तास आला की लॅपटॉप दुमडायचा, म्हणजे पडदा मागे वळवून कळफलकाच्या पाठीला टेकवायचा, की झाली पाटी. मग त्यावर बोटाने नाहीतर पेनाने लिहायचं. पाटी झाली की टिपणांचं पान आपोआप उघडायचं आणि कळफलक बंद व्हायचा, नाहीतर हातात धरताना पाठीमागच्या कळा उगाच दाबल्या गेल्या असत्या. मिथिला आता नववीत होती. तिच्या लॅपटॉपचे कोपरे घासले होते आणि पडद्यावर जेवणाच्या हातांचे डाग कायमचे बसले होते. त्याच्याशिवाय तिचा एक दिवस जात नसे.

त्या वर्षी मालवणजवळ समुद्राच्या तळाशी बांधलेल्या प्रयोगशाळेत नववीपर्यंतच्या काही मुलांना उन्हाळाभर राहायला मिळणार होतं. काचेपलीकडे मासे, दिवसभर प्रयोग. प्रत्येक तालुक्यातून एकच मूल निवडायचं होतं. मिथिलाने आठवीपासून या परीक्षेची तयारी केली होती, तीही तिची जिवाभावाची मैत्रीण देवयानी शिंत्रे हिच्यासोबत. मिथिला पहिली आली, देवयानी दुसरी.

आणि निकालानंतर चौथ्या दिवशी मिथिलाला मुख्याध्यापिका सलगरे बाईंनी बोलावून घेतलं. देवयानीही तिथे होती. टेबलाशेजारी नोंदक उभा होता. नोंदक म्हणजे परीक्षेवर लक्ष ठेवणारा यंत्रमानव. मुलांची छायाचित्रं साठवायला कायद्याने बंदी होती, म्हणून तो कुणाला बघत नसे. प्रत्येक लॅपटॉपकडून येणारे संदेश तेवढे तो टिपून ठेवायचा.

"परीक्षेत लॅपटॉप दुमडायचा नाही, हा नियम तुला माहीत होता?" बाईंनी विचारलं.

"हो बाई. दुमडला की टिपणं उघडतात."

"मग का दुमडलास? एकदा नाही, पुन्हा पुन्हा."

"मी नाही दुमडला, बाई. मध्येमध्ये कळा चालत नव्हत्या, टिपणंही आपोआप उघडायची. ती मिटून मी पडद्यावरच्या अक्षरांवर बोट लावून लिहिलं."

बाई नोंदकाकडे वळल्या. "लॅपटॉप दुमडला होता?"

"दुमडला होता," नोंदक म्हणाला.

बाईंनी देवयानीलाही विचारलं, "तुझ्या लॅपटॉपच्या कळा कधी अशा बंद पडल्या होत्या?"

देवयानीने मिथिलाकडे बघायचं टाळलं. मग म्हणाली, "परीक्षेत नाही पडल्या, बाई."

मिथिलाच्या नावापुढे 'गैरमार्ग' असा शेरा बसला. जागा देवयानीला मिळाली. वर्गातली मुलं मिथिलाला टोचून काही बोलली नाहीत. फक्त तिला गटात घेईनाशी झाली. देवयानी दुसऱ्या बाकावर बसू लागली. मिथिलाच्या हातात देवयानीने वाढदिवसाला दिलेलं, परीक्षेला पहिल्यांदाच घातलेलं चांदीच्या रंगाचं कडं होतं; तसंच एक देवयानीकडेही होतं. मिथिलाने ते काढून कपाटात टाकलं. सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते बाबांचं बोलणं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "चूक झाली असेल तर सांगून टाक, बाळा. मी काही म्हणणार नाही." म्हणजे बाबांचाही विश्वास नव्हता.

तिच्या आईची मावशी, कुमुद मावशीआजी, त्याच गावात नदीकाठच्या लहान घरात एकटी राहायची. ती पदार्थविज्ञानाची संशोधक होती. उभा जन्म तिने लोहचुंबकांवर काम केलं होतं. गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. रविवारी मिथिला तिच्याकडे गेली आणि सगळं सांगून रडली. मावशीआजीने तिला पुरतं रडू दिलं आणि मग विचारलं, "झालं? आता सांग, कळा सारख्या बंद होत्या की अधूनमधून?"

"अधूनमधून. तू तरी मानतेस ना, मी खोटं बोलत नाही ते?"

"मी अजून काहीच मानत नाही. तुझंही नाही, लॅपटॉपचंही नाही. बस इथे. त्या दिवशी बसली होतीस तशीच बस आणि लिही."

मिथिला लिहीत राहिली. एकही कळ अडली नाही. मावशीआजीने लॅपटॉप उन्हात ठेवून पाहिला, बॅटरी उतरवून पाहिली, टेबल हलवून पाहिलं. काहीच होईना. मिथिलाचा धीर सुटत चालला.

"काहीतरी वेगळं आहे," मावशीआजी म्हणाली. "त्या दिवशी होतं आणि आज नाही, असं काय?"

मिथिलाने खूप आठवून पाहिलं. कपडे तेच, चष्मा तोच. मग ती म्हणाली, "एक कडं होतं. पण कड्याचं काय?"

"ते मी कसं सांगू? घेऊन ये."

मिथिलाने घरी जाऊन कडं आणलं, हातात घातलं आणि मनगट लॅपटॉपच्या कडेला टेकवून लिहायला लागली. चौथ्या शब्दावर कळा मेल्या आणि टिपणांचं पान आपोआप उघडलं. मनगट उचललं, कळा जिवंत. टेकवलं, पुन्हा मेल्या.

मावशीआजीने शिवणाच्या डब्यातून एक टाचणी काढली आणि कड्याच्या फाशाजवळ, म्हणजे ते अडकवायच्या टोकाजवळ नेली. टाचणी टुणकन उडून फाशाला चिकटली.

"लोहचुंबक आहे फाशात," ती म्हणाली. "आता नीट ऐक. पडदा दुमडलाय हे लॅपटॉपला कसं कळतं? त्याला काही डोळे नाहीत. पडद्याच्या कडेत एक बारीक लोहचुंबक बसवलेला असतो. तू मनगट टेकवतेस ना, बरोबर तिथे आत एक संवेदक (बाहेरचा बदल टिपणारा भाग) असतो. पडदा मागे वळवला की लोहचुंबक संवेदकाखाली येतो."

"पण संवेदकाला लोहचुंबक आल्याचं कसं कळतं?"

"पावसाळ्यात शाळा सुटली की तुम्ही व्हरांड्यातून कशा जाता?"

"ओळीने."

"आणि बाहेरून पावसाची झड आत आली की?"

"सगळे भिंतीकडे सरकतात. भिंतीपाशी गर्दी होते आणि कठड्याकडची बाजू मोकळी पडते."

"तसंच. संवेदकात एक पातळ पट्टी असते. तिच्यातून इलेक्ट्रॉन (विजेचे अगदी सूक्ष्म कण) सरळ चाललेले असतात. लोहचुंबक जवळ आला की ते एका कडेला ढकलले जातात. एका कडेला गर्दी, दुसरीकडे ओसाड. त्यामुळे दोन कडांमध्ये किंचित विद्युतदाब (विजेला ढकलणारा जोर) तयार होतो. तो मोजला की लोहचुंबक आलाय हे कळतं. याला हॉल परिणाम म्हणतात. हॉल नावाच्या शास्त्रज्ञाला हे पहिल्यांदा दिसलं."

मिथिलाने थोडा विचार केला. "म्हणजे संवेदक खोटं बोलला नाही."

"नाही बोलला. आता तूच सांग. तू व्हरांड्याच्या टोकाला उभी आहेस, बाहेरचं काही दिसत नाही. भिंतीपाशी गर्दी दिसली की तू काय म्हणशील?"

"पाऊस आला."

"आणि माळ्याने गंमत म्हणून पाण्याची नळी आत धरली असेल तर?"

मिथिलाने कड्याकडे पाहिलं. मग हळूहळू म्हणाली, "पोरं सरकली एवढंच मी पाहिलं. पाऊस मी मनाने धरला. संवेदकालाही फक्त लोहचुंबक कळला. 'दुमडला' हे लॅपटॉपने मनाने धरलं."

"आणि ते नोंदकाने उचललं, त्याच्याकडून बाईंनी आणि बाईंकडून तुझ्या बापाने," मावशीआजी म्हणाली. "मूळ गोष्ट कुणीच पाहिली नव्हती."

सोमवारी दोघी शाळेत गेल्या. मिथिलाने सलगरे बाईंसमोर लॅपटॉप उघडा ठेवला, पडदा सरळ उभा, आणि कडं संवेदकावर धरलं.

"नोंदक, हा लॅपटॉप आत्ता कसा आहे?" तिने विचारलं.

"दुमडलेला आहे," नोंदक म्हणाला.

बाईंनी त्या उभ्या पडद्याला हात लावून पाहिला. त्यांचा चेहरा उतरला. "शेरा मी आजच काढते," त्या म्हणाल्या. "पण मिथिला, यादी मंजूर होऊन गेली आहे. देवयानी परवा निघते. ते आता माझ्या हातात नाही."

"तिची चूक नसताना?" मावशीआजीने विचारलं.

"मी वर कळवते. पण बदल होईल असं तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

बदल झाला नाही. वरून उत्तर आलं की गैरसोयीबद्दल खेद आहे.

निघायच्या आदल्या दिवशी देवयानी बॅग भरत होती, तेव्हा मिथिला तिच्या घरी गेली. भांडायला गेली नव्हती. कड्याची गोष्ट तिला सांगावी, निदान तिच्या मनात तरी संशय राहू नये, एवढंच तिला वाटत होतं. तिने सगळं सांगितलं. देवयानी कपड्यांच्या घड्या घालत राहिली. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही, आणि ते मिथिलाच्या लक्षात आलं.

"तुला माहीत होतं," मिथिला म्हणाली.

देवयानीने घडी खाली ठेवली. "सरावाच्या वेळी माझ्याही कळा बंद पडल्या होत्या. कडं काढलं की चालायच्या. म्हणून परीक्षेला मी घातलं नाही."

"मला सांगितलं नाहीस."

"तुलाही कळलं असेल असं वाटलं."

"आणि बाईंनी विचारलं तेव्हा? मी तिथेच उभी होते, देवू."

देवयानीचे डोळे भरले. "परीक्षेत नाही पडल्या, असं म्हणाले मी. ते खरंच होतं." मग ती म्हणाली, "मला खूप जायचं होतं गं."

मिथिलाला तिचा राग यायला हवा होता. राग आलाही, पण त्याच्या तळाशी दुसरंच काही होतं. उलट झालं असतं तर आपण बोललो असतो का, हा प्रश्न तिच्या मनात आला. बोललो असतो, असं तिला वाटलं. पण ते तपासून पाहायचा काही मार्ग नव्हता. ती जिना उतरली. देवयानीने वरून दोनदा हाक मारली.

त्या रात्री बाबा तिच्या खोलीत आले आणि म्हणाले, "माझं चुकलं." मिथिला "असू दे" म्हणाली. पण पुढे कितीतरी दिवस त्यांना काही सांगायच्या आधी ती थबकायची.

उन्हाळा मावशीआजीकडे गेला. समुद्राच्या तळाशी देवयानी काय बघत असेल हा विचार आला की मिथिलाचं कशात लक्ष लागत नसे. मावशीआजीने तिची समजूत घातली नाही. ती म्हणाली, "कुढायचं तर कुढ. पण हात रिकामे ठेवून नको. एका खुणेवर विसंबल्यामुळे लॅपटॉप फसला. मग त्याला दुसरी खूण कुठून देशील?"

मिथिलाने शोधून काढलं की तिच्या लॅपटॉपमध्ये त्वरणमापकही आहेत, म्हणजे हालचाल आणि कल ओळखणारे भाग. एक पडद्यात आणि एक कळफलकाखाली. पृथ्वी सगळ्या वस्तूंना खाली ओढते, त्यावरून त्या दोघांना 'खाली' कुठे ते समजतं. पडद्याचा 'खाली' आणि कळफलकाचा 'खाली' यांची तुलना केली की दोघांमधला कोन निघतो. पडदा उभा असेल तर तो दुमडलेला असूच शकत नाही, मग लोहचुंबक काहीही म्हणो. पाटी आडवी धरली की पडद्यावरची अक्षरं फिरवायला म्हणून बसवलेल्या त्या भागांना परीक्षेच्या वेळी कुणी काही विचारतच नव्हतं.

मावशीआजीच्या मदतीने तिने दोन्ही खुणा नोंदकाला कळवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो कितीदा तरी फसला. लॅपटॉप मांडीवर तिरका धरला की कोन चुकायचा. जून उजाडला तेव्हा तो नीट चालायला लागला. सलगरे बाईंनी तो स्वतः वर पाठवला आणि दर आठवड्याला विचारपूस करत राहिल्या. दिवाळीनंतर तो सगळ्या शाळांना लागू झाला. परिपत्रकात 'तांत्रिक सुधारणा' एवढंच लिहिलं होतं. मिथिलाचं नाव कुठेच नव्हतं.

पुढच्या निवडपरीक्षेच्या दिवशी मिथिला दहावीत होती. समुद्रतळाचं दार तिच्यासाठी कायमचं बंद झालं होतं. तरी ती परीक्षेच्या वर्गाबाहेर जाऊन उभी राहिली. आत सातवीतली एक मुलगी लिहिता लिहिता अडली आणि कळा दाबून दाबून रडवेली झाली. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राचा लोहचुंबकाचा चाप लॅपटॉपच्या कडेवर टेकला होता. नोंदक तिच्या दिशेने निघाला, तशी मिथिलाने खिडकीचा गज घट्ट धरला.

नोंदक त्या मुलीपाशी थांबला. "तुझा लॅपटॉप दुमडलेला आहे असं एक खूण सांगते," तो म्हणाला. "नाही असं दुसरी सांगते. मला नक्की माहीत नाही. तू सांग."

"नाही दुमडला," ती मुलगी म्हणाली. "हा बघ, उभाच आहे."

"ठीक आहे. कडेजवळ लोहचुंबकाचं काही असेल ते बाजूला घे आणि लिही."

तिने डोळे पुसले, ओळखपत्र पाठीवर टाकलं आणि लिहायला लागली. मिथिला कळांचा आवाज ऐकत तिथेच उभी राहिली. पहिला पेपर संपेपर्यंत ती हलली नाही.