गेले तेवढे आले

मास्तरीणबाई त्या दिवशी दुपारची पाळी मुद्दाम मागून घेऊन आल्या होत्या. शाळेशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता बरं का. त्या विमानतळाच्या टॉवरवर बसून विमानांना वाट दाखवत. पण वैमानिकाला एखादी सूचना दिली की ती शब्दन् शब्द परत म्हणून घेतल्याशिवाय पुढे सरकायच्या नाहीत, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. पाळी मागण्याचं कारण साधं होतं. घरात जिला अजून चिमणीच म्हणत ती त्यांची लेक सहवैमानिक झाली होती, आणि आज पहिल्यांदा आईच्या धावपट्टीवर उतरणार होती. बाईंनी मरेस्तोवर कबूल केलं नसतं, पण सकाळपासून त्यांचं कशात म्हणून लक्ष नव्हतं.

वर मिशीवाले सहकारी खुर्ची सोडायच्या घाईत होते.

"या बाई, घ्या तुमचं सिंहासन."

"आधी काय काय देताय ते सांगा. मग पळा."

या धंद्यात खुर्ची अशी नुसती सोडत नाहीत. जाणाऱ्याने आकाशात कोण कुठे आहे ते सांगायचं, येणाऱ्याने ऐकून 'जागा माझ्याकडे' म्हणायचं. ते म्हटलं की मग बरंवाईट सगळं तुमच्या डोक्यावर. बाई ते शब्द कधी घाईने उच्चारत नसत. मिशीवाल्यांना त्यांनी दोनदा सगळं सांगायला लावलं, काय घ्यायचं ते नीट घेतलं, आणि मगच त्यांची सुटका केली.

आता अंगणाचं सांगायला हवं. विमानतळाच्या उगवतीला एक मोठं तळं होतं, आणि तळ्यावरचं आकाश हवाई दलाच्या शिकाऊ वैमानिकांच्या सरावासाठी राखून ठेवलेलं. सराव चालू असेतोवर प्रवासी विमानाने तिकडे फिरकायचं नाही. सराव संपला की ते आकाश टॉवरला परत. पलीकडच्या छावणीत एक अधिकारी हे सगळं बघायचे. त्यांचा आणि बाईंचा कित्येक वर्षांचा फोनवरचा घरोबा, पण एकमेकांचं तोंड पाहिलं असेल तर शपथ. ते यांना शेजारीणबाई म्हणत, या त्यांना शेजारी. त्या आकाशाला दोघंही अंगण म्हणत. भांडणंसुद्धा तशीच.

"अहो, तुमचं एक पोरगं माझ्या हद्दीत नाक खुपसून गेलं!"

"शिकाऊ आहे हो, शेजारीणबाई. पदरात घ्या."

सराव संपला की शेजाऱ्यांचा थेट फोन यायचा, "अंगण मोकळं." बाई विचारायच्या, "किती आले?" आणि ते म्हणायचे, "गेले तेवढे आले." हे ऐकल्यावरच बाई टेबलावरची 'अंगण बंद' लिहिलेली लाल पाटी उचलायच्या. हा प्रश्न कुठल्याही नियमात नव्हता. बाई इथे रुजू झाल्या तेव्हा आधीचे लोक विचारत, म्हणून याही विचारू लागल्या. का, ते त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

तर त्या दिवशी दुपार कलायच्या आतच अंधारून आलं. मावळतीकडून ढग असे चढत आले की बाईंना टेबलावरचा दिवा लावावा लागला. वारा पडला. बंद काचांतूनही कुठूनसा गाळाचा वास येऊ लागला, साचलेल्या पाण्याच्या तळाशी असतो तसला. बाईंनी नाकाला पदर लावला.

चिमणीचं विमान तेव्हा वाटेत होतं.

"टॉवर," कॅप्टनचा आवाज आला, "समोर सगळं बंद झालंय. मागे परतायची सोय नाही, निघालो तिथला विमानतळही वादळात सापडलाय. मोकळी फट दिसतेय ती फक्त तळ्यावर. तिकडून येऊ द्या."

"इंधन किती आहे?"

उत्तर चिमणीने दिलं. आकडा सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. बाईंनी कागदावर हिशेब मांडला. तळ्याला वळसा घालण्याइतकं इंधन विमानात नव्हतं.

त्यांनी फोन उचलला. "शेजारी, तुमची पोरं खाली घ्या. माझं विमान अडकलंय."

"घेतो, लगेच घेतो."

शब्दाला जागणारा माणूस. रडारच्या पडद्यावर अंगणातले ठिपके एकेक करून छावणीकडे वळले आणि विझले. फोन वाजला.

"अंगण मोकळं, शेजारीणबाई."

"किती आले?"

"गेले तेवढे आले."

बाईंनी पाटीला हात घातला आणि तसाच ठेवला. पडद्यावर तळ्याच्या बरोबर मध्यावर एक ठिपका राहिला होता. त्याला नाव नव्हतं, उंचीचा आकडा नव्हता. तो नुसता गोल गोल फिरत होता.

"शेजारी, एक राहिलाय."

"छे! सगळी विमानं माझ्यासमोर उभी आहेत. पोरं चहा पितायत."

"तळ्यावर आहे. गोल फिरतोय."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"हॅलो?"

"तो... तुम्हाला दिसला?" शेजाऱ्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "त्याच्याकडे लक्ष देऊ नका. पाठवा तुमचं विमान."

"कोण आहे तो?"

"मी इथे यायच्या आधीची गोष्ट आहे. असंच वादळ होतं... असंच एक प्रवासी विमान मधून न्यायचं होतं. एका पोराला सांगितलं, तळ्यावर गोल फिरत थांब, बोलावेपर्यंत. प्रवासी विमान गेलं... आणि इकडे पाळी बदलली. जाणाऱ्याने सांगितलं नाही, येणाऱ्याने विचारलं नाही. पोरगा आज्ञेचा पक्का. थांबून राहिला. इंधन संपेपर्यंत थांबला."

बाईंनी पाटीवरचा हात मागे घेतला. "म्हणून रोज ते... किती आले?"

"म्हणून."

"मग आता तरी बोलवा त्याला!"

"आमच्याकडे त्याला कुणी हाक मारत नाही."

"का?"

"उत्तर येतं," शेजारी म्हणाले. "तुम्ही विमान पाठवा. तो कुणाला धडकत नाही म्हणतात."

"म्हणतात?" बाईंचा आवाज चढला. "तुमच्या 'म्हणतात'वर मी विमान सोडू? अहो, माझ्या पडद्यावर दिसतं ते माझ्यासाठी विमान. आत कुणी असो नाहीतर नसो. त्याच्या अंगावर मी दुसरं घालणार नाही. आणि त्या दुसऱ्यात माझी पोर आहे!"

बाई हातपाय गाळून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. भीती वाटत नव्हती असं नाही. ओठ कोरडे पडले होते. पण भ्यायला पुष्कळ वेळ होता, पोर खाली उतरल्यावर. संकटात हवाई दलाच्या विमानांशी थेट बोलता येईल असा एक वेगळा रेडिओ टेबलावर असतो, त्याचं बटण त्यांनी दाबलं.

"तळ्यावर थांबलेलं विमान... टॉवरवरून बोलतेय. ऐकू येतंय?"

लाउडस्पीकर खरखरला. खरखरीच्या मागे बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. गाळाचा वास खोलीत दाट झाला.

"येतंय, बाई."

इतका कोवळा आवाज होता! मिसरूडही धड फुटलं नसेल.

"तुमचं थांबणं संपलं. छावणीकडे वळा आणि उतरा."

"मला थांबायला सांगितलंय, बाई... बोलावेपर्यंत."

"अरे, मी बोलावतेय ना!"

तेवढ्यात दुसऱ्या रेडिओवर कॅप्टन आले. "टॉवर, आता सांगा काय ते. आता नाही वळलो तर मग कुठेच जाता येणार नाही."

तळ्यावरचा ठिपका फिरतच होता.

"बाई," कोवळा आवाज म्हणाला, "मी आलो... तर माझी जागा कोण घेणार?"

"बाळा, जागा माझ्याकडे. तू ये."

एका श्वासात बोलून गेल्या. काय घेतोय, हे विचारलं नाही. उभ्या नोकरीत पहिल्यांदाच.

"जागा तुमच्याकडे," त्याने सावकाश परत म्हटलं. जीव सुटल्यासारखा एक उसासा ऐकू आला. ठिपका गोलातून बाहेर पडला, सरळ छावणीकडे गेला आणि विझला.

"या," बाई कॅप्टनना म्हणाल्या. "तळ्यावरून सरळ या." चिमणीने सूचना शब्दन् शब्द परत म्हटली.

विमान तळ्यावर असतानाच फोन वाजला. बाईंनी प्रश्न विचारायच्या आधीच शेजारी बोलू लागले.

"शेजारीणबाई... गेले त्यापेक्षा एक जास्त आला." "दिसलं काही नाही. पण चाकं टेकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. धावपट्टी कोरडी आहे, आणि तिच्यावर ओल्या चाकांचे पट्टे उमटलेत... गाळाचे."

"उतरला ना पोरगा?"

"उतरला."

"मग झालं तर," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले.

चिमणीचं विमान ढगाखालून बाहेर आलं आणि अलगद टेकलं. प्रवासी उतरले, कुरकुरत आपल्या बॅगा शोधू लागले. आपण कशातून आलो याचा कुणाला पत्ताही नव्हता. रात्रपाळीची बाई यायला अजून वेळ होता. चिमणी धाडधाड जिना चढून वर आली आणि तिने आईच्या गळ्यात हात टाकले. बाईंनी तिच्या पाठीवर थापटलं, तिचे गाल चाचपले, दंड चाचपले.

"अगं, बाजारातली भाजी आहे का मी?" चिमणी हसली. थर्मासातला चहा स्वतःच ओतून घेत म्हणाली, "आई, एक विचारू? उतरताना मला ते काय सांगितलंस?"

"काय सांगितलं? सरळ ये म्हटलं."

"ते नाही गं, त्यानंतर. हळूच म्हणालीस ना. 'चिमणे, आता तू तळ्यावर ये आणि गोल फिरत थांब, बोलावेपर्यंत.' कॅप्टनना ऐकूच गेलं नाही म्हणे. मला वाटलं, माझी परीक्षा घेतेयस. मी परत म्हणूनही दाखवलं, नाहीतर तू ओरडली असतीस."

बाईंनी टेबलाची कड धरली आणि त्या ताठ उभ्या राहिल्या.

"मी काही सांगितलं नाही. आणि सांगितलं असेल तर ते रद्द. माझ्याकडे बघून म्हण, रद्द."

"रद्द."

"पुन्हा म्हण!"

"रद्द, बाई, रद्द! झालं काय तुला?" चिमणीने हसत कप तोंडाला लावला.

लाउडस्पीकर खरखरला. बुडबुडे फुटावेत तसा आवाज आला, आणि मग चिमणीचा आवाज. स्वच्छ, न हलणारा.

"तळ्यावर थांबलेय, टॉवर. बोलावेपर्यंत."

चिमणी समोर उभी होती. कप ओठांना होता, चहाचा घोट तोंडात होता. तो तिला गिळवेना. पडद्यावर तळ्याच्या मध्यावर एक ठिपका गोल फिरत होता.

बाईंनी एका हाताने लेकीचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

"मी टॉवर बोलतेय. मी बोलावतेय. तू आत्ताच्या आत्ता परत ये. ऐकतेस? तू आल्याशिवाय मी ही खुर्ची सोडत नाही. रात्र जाऊ दे, वर्ष जाऊ दे, मी इथून हलत नाही."

खरखरीमागे पुन्हा बुडबुडे फुटले.

"येते ना, आई," लाउडस्पीकरमधली चिमणी म्हणाली. "पण मग माझी जागा... कोण घेणार?"

या वेळी बाई 'जागा माझ्याकडे' म्हणाल्या नाहीत. दात घट्ट आवळले आणि हातातलं मनगट आणखी आवळून धरलं. ते ओलं लागत होतं, गाळाने बुळबुळीत.